क्लाउडवरचे व्हिडिओ गेम: प्रत्यक्ष वापरातल्या अडचणी

चैत्रबन

महागडे ग्राफिक्स कार्ड विकत घेण्याऐवजी दरमहा ठरावीक रक्कम भरायची, गेम दूरच्या डेटा सेंटरमध्ये चालू ठेवायचा आणि आपल्या पडद्यावर त्याचे फक्त चित्र मागवायचे, ही कल्पना गेली पंधरा वर्षे निरनिराळ्या नावांनी आपल्यासमोर येत आहे. अमेरिकेत ऑनलाइव्ह ही सेवा जून २०१० मध्ये सुरू झाली आणि एप्रिल २०१५ मध्ये बंद पडली. गुगलची स्टेडिया नोव्हेंबर २०१९ मध्ये चौदा देशांत सुरू झाली आणि १८ जानेवारी २०२३ रोजी तिचे सर्व्हर बंद झाले. आता अशा सेवा भारतातही अधिकृतपणे मिळू लागल्या आहेत आणि ओळखीपाळखीतले लोक ‘नवा पीसी घेऊ की सबस्क्रिप्शन घेऊ’ असे विचारू लागले आहेत. म्हणून हा धागा काढत आहे. जाहिरातींत फायदे भरपूर सांगितले जातात, त्यामुळे येथे प्रामुख्याने अडचणींबद्दल लिहावे, अशी विनंती आहे.

क्लाउडवर सेव्ह फाइल ठेवणे किंवा ऑनलाइन सामन्यांसाठी सर्व्हर चालवणे या गोष्टी बहुतांशी चांगल्या रुळल्या आहेत. माझा रोख आहे तो गेमचे गणित (म्हणजे खेळात पुढे काय घडते याचा हिशेब) आणि गेमचे चित्र या दोन्ही गोष्टी आपल्या घरातून उचलून दुसरीकडे नेण्यावर.

सर्वांत आधी लॅगचा, म्हणजे बटण दाबल्यापासून पडद्यावर परिणाम दिसेपर्यंतच्या उशिराचा, विचार करू. आपण कंट्रोलरचे बटण दाबतो तेव्हा तो संदेश कंट्रोलरकडून फोनकडे किंवा टीव्हीकडे, तिथून वायफायने राउटरकडे, पुढे इंटरनेट पुरवठादाराच्या जाळ्यातून डेटा सेंटरपर्यंत जातो. तिथे गेम त्याची दखल घेतो, नवी फ्रेम (म्हणजे चलचित्रातले एक चित्र) तयार करतो, ती फ्रेम व्हिडिओच्या रूपात दाबून लहान केली जाते, त्याच वाटेने परत पाठवली जाते, आपल्या यंत्रावर उलगडली जाते आणि शेवटी पडद्यावर उमटते. सेकंदाला ६० फ्रेम या वेगाने चालणाऱ्या गेममध्ये एका फ्रेमच्या वाट्याला जेमतेम १६.७ मिलिसेकंद येतात. घरच्या पीसीवर या साखळीतल्या निम्म्याहून अधिक कड्या नसतातच. ऑप्टिकल फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे एका मिलिसेकंदात २०० किलोमीटर. मुंबई ते सिंगापूर हे सरळ रेषेतले अंतर जवळपास ३,९०० किलोमीटर आहे, त्यामुळे जाऊन येऊन किमान ३९ मिलिसेकंद लागणारच. प्रत्यक्षात समुद्राखालची केबल सरळ जात नाही आणि वाटेत राउटर लागतात, म्हणून हा आकडा त्याहून बराच वाढतो. कितीही पैसे ओतले तरी प्रकाशाचा वेग वाढणार नाही.

चित्रपट पाहताना हा उशीर जाणवत नाही, कारण पुढचे काही सेकंद आधीच उतरवून ठेवता येतात आणि मध्ये जोडणी अडखळली तरी साठवलेला भाग चालू राहतो. गेममध्ये पुढची फ्रेम आपण काय करणार यावर अवलंबून असते, त्यामुळे ती आधी तयार करून साठवता येत नाही. स्टेडियाच्या अभियांत्रिकी प्रमुखांनी २०१९ मध्ये असा दावा केला होता की, खेळाडू पुढे कोणते बटण दाबेल याचा अंदाज बांधून वर्षा-दोन वर्षांत क्लाउडवरचा गेम घरच्या यंत्रापेक्षाही चपळ करता येईल. सेवा बंद होईपर्यंत ते घडले नाही.

मात्र माझ्या मते खरी गोची आर्थिक आहे आणि तिच्याबद्दल फारच कमी बोलले जाते. क्लाउड स्वस्त पडतो तो वाटून घेतल्यामुळे. एका कंपनीचा सर्व्हर रात्री रिकामा असेल तर त्यावर दुसऱ्या खंडातल्या कोणाचे तरी काम चालते. गेमच्या बाबतीत हे वाटप जमत नाही. सर्व्हर खेळाडूच्या जवळ असावा लागतो आणि एका भागातले सगळे खेळाडू साधारण एकाच वेळी, म्हणजे शाळा-कॉलेज-कचेरी आटोपल्यावर रात्री आठ ते बारा या वेळेत खेळायला बसतात. त्या चार तासांसाठी जितकी ग्राफिक्स कार्डे लागतील तितकी त्या शहराजवळ उभी करावी लागतात आणि उरलेल्या वेळेत त्यांचा दुसऱ्या देशातल्या खेळाडूंना उपयोग नसतो, कारण लॅग आडवा येतो. वेबसाइट चालवणारा एक सर्व्हर हजारो लोकांना एकाच वेळी पुरतो. मोठा गेम मात्र प्रत्येक खेळाडूसाठी ग्राफिक्स कार्डाचा मोठा हिस्सा अडवून बसतो. रांगा, तासांच्या मर्यादा, अचानक वाढणारे दर आणि शेवटी बंद पडणाऱ्या सेवा, हे सारे मला याच एका कारणाचे परिणाम वाटतात.

आपापले अनुभव आणि मतभेद अवश्य मांडावेत.

काजवा

उत्तम विषय. मी पुण्यात राहतो, घरी १०० एमबीपीएसचे फायबर आहे, आणि स्पीड टेस्ट केली तर आकडा कायम शंभराच्या आसपासच दिसतो. तरीही एका क्लाउड गेमिंग सेवेवर (नाव मुद्दाम लिहीत नाही) रात्री साडेनऊनंतर शर्यतीचा गेम खेळणे अशक्य होते. गाडी वळणावर येते, मी ब्रेक दाबतो, क्षणभर रस्त्याचे मोठमोठे चौकोनी तुकडे होतात, आवाज मात्र पुढे जात राहतो, आणि चित्र पुन्हा जुळून येते तेव्हा गाडी कठड्याला घासत उभी असते. पाच मिनिटे सगळे सुरळीत चालते आणि मग पुन्हा तोच प्रकार. पूर्ण सामना वाईट गेला असता तर त्याची सवय तरी झाली असती. पण उशीर कधी २० मिलिसेकंद आणि कधी ९० असा बदलत राहिला की हाताला त्याचा अंदाजच बांधता येत नाही.

येथे एक मुद्दा स्पष्ट करतो, कारण यावर बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. स्पीड टेस्टमधला मोठा आकडा म्हणजे एका सेकंदात किती डेटा येऊ शकतो एवढेच. क्लाउड गेमिंगसाठी तो १५-२० एमबीपीएस असला तरी चालतो. महत्त्वाचा आहे तो पिंग, म्हणजे संदेश सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ, आणि त्याहून महत्त्वाचा त्या पिंगमधला चढउतार, ज्याला जिटर म्हणतात. घरात कोणी मोठी फाइल अपलोड करू लागले, फोनने फोटोंचा बॅकअप सुरू केला किंवा शेजारच्या फ्लॅटमधले दहा वायफाय एकाच २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गर्दी करू लागले की जिटर वाढतो, आणि स्पीड टेस्टच्या त्या मोठ्या आकड्यात ते दिसत नाही. मी शेवटी राउटरपासून टीव्हीपर्यंत लॅनची केबल ओढली. बराच फरक पडला, पण रात्रीचा त्रास पूर्ण गेला नाही, कारण पुढचा रस्ता आपल्या ताब्यात नाही. तक्रार केली की गेम सेवा इंटरनेट पुरवठादाराकडे बोट दाखवते आणि पुरवठादार स्पीड टेस्टचा आकडा दाखवून तक्रार बंद करतो.

डेटाचा हिशेबही एकदा मांडून ठेवावा. ३५ एमबीपीएसने चित्र येत असेल, म्हणजे स्टेडियाने ४के (सर्वांत बारीक तपशिलाच्या चित्राच्या) दर्जासाठी जेवढा वेग मागितला होता तेवढा, तर तासाला १५.७५ जीबी लागतात. रोज दोन तास धरले तर महिन्याला ९४५ जीबी झाले. घरच्या फायबर योजनांत ‘अमर्याद’ लिहिलेले असले तरी ३,३०० जीबीच्या आसपास मर्यादा असते. घरात चारजण असतील, त्यांतले दोघे खेळणारे असतील आणि बाकीचे मालिका-चित्रपट पाहणारे असतील, तर ती मर्यादा दूर राहत नाही. फोनच्या डेटावर खेळण्याची कल्पना तर बहुतेकांनी सोडूनच द्यावी. अगदी १० एमबीपीएस इतका साधा दर्जा ठेवला तरी रोजचे २ जीबी सत्तावीस मिनिटांत संपतात.

अबोली

चित्राच्या दर्जाबद्दल दोन गोष्टी लिहिते. मी व्हिडिओ संपादनाचे काम करते, त्यामुळे माझे लक्ष तिकडे लवकर जाते.

व्हिडिओ दाबून लहान करताना एका फ्रेममधला जो भाग आधीच्या फ्रेमसारखाच आहे तो पुन्हा पाठवला जात नाही. स्थिर दृश्यात हे छान जमते. पाऊस, धूर, उडणारी पाने, उंच गवतातून धावणे, अशा दृश्यांत जवळपास प्रत्येक ठिपका बदलतो आणि तिथे दाबलेला व्हिडिओ लगेच फुटू लागतो. काळोख्या जागांत काळ्या-करड्या छटा एकमेकींत मिसळण्याऐवजी पट्ट्यापट्ट्यांनी दिसतात, आणि भयपटाच्या धाटणीच्या गेममध्ये तर अर्धा वेळ काळोखातच जातो. त्यात रंगाची माहिती बहुधा उजेडाच्या माहितीपेक्षा कमी बारकाव्याने पाठवली जाते, म्हणून लाल पार्श्वभूमीवरची लहान अक्षरे कडेने पुसट होतात. ज्या गेममध्ये खूप वाचायचे असते, त्यात तासाभराने डोळे शिणतात.

दुसरे म्हणजे पडद्यावर ‘४के’ लिहून आले म्हणजे गेम ४के मध्ये चालतो आहे, असे नाही. स्टेडिया सुरू झाली तेव्हा रेड डेड रिडेम्पशन २ हा गेम १४४०पी या कमी बारकाव्याच्या दर्जात तयार होऊन ४के पर्यंत ताणला जात होता आणि डेस्टिनी २ तर त्याहूनही कमी, १०८०पी मध्येच. ग्राहकाकडे हे तपासण्याचे साधन नव्हते, कारण सेटिंगचा पडदाच त्याच्या हाती दिलेला नव्हता. घरच्या पीसीवर सावल्यांचा दर्जा थोडा उतरवून फ्रेमचा वेग वाढवण्याचा जो अधिकार आपल्याला असतो, तो येथे पुष्कळदा उरत नाही. मॉड (खेळाडूंनी स्वतः केलेले बदल) बसवणे तर बहुतेक सेवांवर शक्यच नसते.

टेकडीवरचा

वरचे सर्व मुद्दे तांत्रिकदृष्ट्या मान्य आहेत, पण मला दुसरी बाजूही मांडावीशी वाटते. चांगला गेमिंग पीसी आज लाखाच्या घरात जातो. माझा भाचा नाशिकला शिकतो. त्याच्याकडे वडिलांचा जुना लॅपटॉप आहे आणि पुढची तीन वर्षे तरी नवा येण्याची शक्यता नाही. मायक्रोसॉफ्टचे एक्सबॉक्स क्लाउड गेमिंग नोव्हेंबर २०२५ मध्ये भारतात अधिकृतपणे सुरू झाले, आणि मायक्रोसॉफ्टचे एक डेटा सेंटर पुण्यातच असल्यामुळे महाराष्ट्रातल्या खेळाडूंना अंतराची अडचण तितकीशी भासू नये. तो सध्या आळीपाळीने चाल करण्याचे डावपेचाचे गेम आणि गोष्टीप्रधान गेम खेळतो आणि समाधानी आहे. ज्याच्याकडे काहीच नाही त्याच्यासाठी थोडा लॅग ही फार मोठी किंमत नाही. येथे ज्या अडचणी मांडल्या जात आहेत त्या पीसी परवडणाऱ्यांच्या अडचणी आहेत, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

चैत्रबन

टेकडीवरचा, आपला मुद्दा रास्त आहे, आणि गेमच्या प्रकाराबद्दल तर पूर्ण सहमत आहे. आळीपाळीच्या गेममध्ये १०० मिलिसेकंदांनी काही बिघडत नाही. क्रिकेटच्या गेममध्ये चेंडू टोलवताना किंवा मारामारीच्या गेममध्ये दोन फ्रेमच्या फटीत वार अडवताना मात्र त्याच १०० मिलिसेकंदांत सहा फ्रेम निघून जातात.

पण ज्याच्याकडे काहीच नाही त्याच्याबद्दलच मला अधिक काळजी वाटते. ज्याच्या घरी पीसी आहे त्याने सेवेला कंटाळून सबस्क्रिप्शन बंद केले तर तो परत पीसीवर येतो. ज्याने सगळा भरवसा सेवेवर ठेवला त्याच्या हाती, सेवा बदलली की, काहीही उरत नाही. आणि सेवा बदलतात. जीफोर्स नाऊ ही सेवा फेब्रुवारी २०२० मध्ये चाचणी अवस्थेतून बाहेर आली आणि त्याच महिन्यात ॲक्टिव्हिजन ब्लिझार्ड या गेम-प्रकाशक कंपनीने आपले गेम तिथून काढून घेतले. मागोमाग बेथेस्डा या प्रकाशकाने बहुतेक गेम काढले आणि मग २के या प्रकाशकानेही आपले काढले. लोकांनी ते गेम आपल्या पैशांनी दुसऱ्या दुकानांतून विकत घेतलेले होते, फक्त दूरच्या यंत्रावर चालवण्याची परवानगी प्रकाशकांनी नाकारली. याच सेवेने पुढे महिन्याला १०० तासांची मर्यादा घातली: जानेवारी २०२५ पासून नव्या ग्राहकांना आणि जानेवारी २०२६ पासून जुन्या ग्राहकांनाही. तिच्या फुकट योजनेत एका तासाने सत्र संपते आणि पुन्हा रांगेत उभे राहावे लागते. कंपनीच्या बाजूने पाहिले तर हे समजण्यासारखे आहे, कारण जो रोज सहा तास खेळतो तो एक पूर्ण यंत्र अडवतो. फक्त, सुट्टी लागलेल्या विद्यार्थ्याला नेमकी तीच मर्यादा आड येते.

पुण्यातल्या डेटा सेंटरबद्दल एक खुलासा करतो. एखाद्या कंपनीचे डेटा सेंटर शहरात आहे म्हणून तिची गेमची यंत्रे तिथेच असतील, असे गृहीत धरता येत नाही, कारण त्यासाठी वेगळे हार्डवेअर लागते. आणि ती तिथे असली तरी आपला इंटरनेट पुरवठादार त्या इमारतीपर्यंत कोणत्या वाटेने जातो, यावर बरेच अवलंबून असते. पुण्यातल्या पुण्यात जायचा संदेश मुंबईला वळसा घालून येऊ शकतो. म्हणून भाच्याला सांगा की, नकाशा पाहू नये, त्याच्या घरातून येणारा पिंग पाहावा.

पानगळ

चर्चा चित्र पाठवण्याभोवती फिरते आहे, पण धाग्यात ‘गेमचे गणित’ असाही उल्लेख आहे, त्याबद्दल लिहितो. चित्र घरीच तयार करायचे, मात्र जड गणिते क्लाउडवर सोडवायची, असा एक मधला मार्ग मोठा गाजावाजा करून मांडला गेला होता.

त्याचे पहिले ठळक उदाहरण म्हणजे मार्च २०१३ मध्ये आलेला सिमसिटी. नगररचनेचा हा गेम एकट्याने खेळायचा असला तरी इंटरनेट जोडणी सक्तीची होती आणि शहराची काही गणिते सर्व्हरवर होतात, असे कारण मॅक्सिस स्टुडिओने दिले होते. पहिल्याच आठवड्यात सर्व्हर कोलमडले, लोक तासन् तास रांगेत अडकले आणि ॲमेझॉनने काही काळ त्याच्या डाउनलोड प्रतीची विक्रीच थांबवली. मग एका हौशी प्रोग्रामरने जोडणी तोडूनही शहर व्यवस्थित चालते हे दाखवून दिले, आणि वर्षभराने, मार्च २०१४ मध्ये, कंपनीने स्वतःच ऑफलाइन खेळण्याची सोय दिली. म्हणजे सक्तीला तांत्रिक आधार फारसा नव्हता.

क्रॅकडाउन ३ या गेमचे प्रकरण वेगळे आहे, तिथे तंत्रज्ञान खरे होते. २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने दाखवलेल्या प्रात्यक्षिकात अख्ख्या इमारती ढासळत होत्या आणि त्यांच्या प्रत्येक तुकड्याचे गणित क्लाउडवर होत होते. गेम प्रत्यक्षात फेब्रुवारी २०१९ मध्ये आला तेव्हा ही पडझड फक्त एका ऑनलाइन सामन्यांच्या विभागापुरती उरली होती. एकट्याने खेळायच्या मुख्य मोहिमेत ती नव्हतीच. हे अपेक्षितच होते, असे मी म्हणेन. सर्व्हरवरून उत्तर यायला ५० मिलिसेकंद लागत असतील तर पडणारा खांब खेळाडूला आत्ता लागला की नाही, हे त्या उत्तरावर सोडता येत नाही. जे गणित उशिरा आले तरी चालते तेच क्लाउडवर पाठवता येते, आणि गेममध्ये असे गणित थोडेच असते: दूरची हवा, रहदारी, बाजारभाव.

मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर हे याचे चांगले उदाहरण. २०२० च्या आवृत्तीत पृथ्वीचा दोन पेटाबाइटहून अधिक नकाशा-डेटा सर्व्हरवर ठेवून विमान जिथे असेल तिथला भाग पाठवला जातो. घरच्या डिस्कवर एवढा डेटा मावणे शक्यच नाही, म्हणून येथे क्लाउडचा वापर मला पूर्ण समर्थनीय वाटतो. २०२४ च्या आवृत्तीत मात्र विमानांसकट पुष्कळशी सामग्री सर्व्हरवर हलवली गेली. १९ नोव्हेंबर २०२४ रोजी ती प्रसिद्ध झाली तेव्हा मी रात्री बसलो होतो. आधी रांग, मग निळसर पडद्यावर सरकणारी रेघ, आणि ती ९७ टक्क्यांवर येऊन थांबली. काहींना आत प्रवेश मिळाला तर विमानेच गायब होती. त्याच दिवशी निर्मात्यांनी व्हिडिओद्वारे समजावून सांगितले की, दोन लाख काल्पनिक वापरकर्त्यांवर चाचणी घेतलेली होती, तरी प्रत्यक्ष गर्दीपुढे डेटा पुरवणारा कॅशे (वारंवार लागणारा डेटा हाताशी ठेवणारा साठा) तग धरू शकला नाही. निर्मात्यांनी काही लपवले नाही, याचा मला आदर वाटला. तरीही हा प्रश्न उरतोच की, पूर्ण किंमत मोजून घेतलेला गेम, समोर ताकदीचा पीसी, आणि मी धावपट्टीवरून हलू शकत नाही. त्या आवृत्तीसाठी किमान १० आणि उत्तम अनुभवासाठी १०० एमबीपीएस जोडणी सुचवलेली आहे. पावसाळ्यात आमच्याकडे रस्ता खोदताना फायबर तुटते, तेव्हा जोडणीचा वेग शून्य असतो.

दर्यावर्दी

जर्मनीतून लिहीत आहे. येथे जोडणी चांगली आहे, त्यामुळे लॅगबद्दल माझी तक्रार नाही. माझा प्रश्न मालकीचा आहे.

युबिसॉफ्टचा द क्रू हा गाड्यांचा गेम डिसेंबर २०१४ मध्ये आला. त्यात एकट्याने खेळण्याचा भाग भरपूर होता, पण सर्व्हरशी जोडणी सक्तीची होती. ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हर बंद झाले आणि पेटीतली डिस्क असूनही गेम चालेनासा झाला. डिजिटल प्रत घेतलेल्यांच्या खात्यांतून तर परवानाच काढून घेतला गेला. यातून ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम उभी राहिली. तिच्या युरोपीय नागरिक पुढाकाराने (युरोपीय संघाकडे कायद्याची मागणी करणाऱ्या सह्यांच्या अर्जाने) जुलै २०२५ मध्ये दहा लाख सह्यांचा टप्पा ओलांडला. मी येथे कर भरतो, गेम येथेच विकत घेतले, तरी सही करू शकलो नाही, कारण तो अधिकार फक्त युरोपीय संघाच्या नागरिकांना आहे. अशी अवस्था येथील अनेक मराठी मंडळींची असेल. या वादानंतर युबिसॉफ्टने त्या मालिकेतल्या पुढच्या दोन गेमना ऑफलाइन सोय देण्याचे जाहीर केले, म्हणजे इच्छा असली तर हे करता येते. कॅलिफोर्नियाने जानेवारी २०२५ पासून असा कायदा लागू केला आहे की, विक्रेता फक्त परवाना देत असेल तर ‘खरेदी करा’ असे लिहून ग्राहकाची दिशाभूल करता येणार नाही. भारतात निदान एवढे तरी व्हावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

स्टेडियाबाबत गुगलने एक गोष्ट चांगली केली, ती नोंदवायलाच हवी: स्वतःच्या दुकानातून घेतलेले हार्डवेअर आणि स्टेडियावर विकत घेतलेले गेम यांचे पैसे परत दिले आणि कंट्रोलरचे ब्लूटूथ खुले करून दिले. पण पैसे परत आले म्हणून गेलेला वेळ परत येत नाही. रेड डेड ऑनलाइनमध्ये सुमारे सहा हजार तास घालवलेल्या एका खेळाडूची त्या वेळी बरीच चर्चा झाली होती, कारण त्याचे पात्र दुसऱ्या यंत्रावर हलवण्याची सोयच नव्हती. आउटकास्टर्ससारखा गेम तर फक्त स्टेडियासाठीच केलेला होता. तो आज कोठेही खेळता येत नाही. जुन्या कन्सोलची कॅसेट चाळीस वर्षांनीही कपाटातून काढून लावता येते. क्लाउडवरच्या गेमची प्रत आपल्याकडे कधी येतच नाही, त्यामुळे तो जपून ठेवणार तरी कोण? संग्रहालय आणि अभ्यासक यांच्यासमोरही हाच प्रश्न आहे.

काजवा

दर्यावर्दी यांच्या मुद्द्याला पूरक: निन्टेन्डो स्विचवर काही मोठे गेम ‘क्लाउड आवृत्ती’ म्हणून विकले गेले. जपानमध्ये २०१८ साली रेसिडेंट एव्हिल ७ ची अशी आवृत्ती आली, तेव्हा २,००० येनला १८० दिवस खेळण्याची मुभा होती. ते निदान उघड भाडे होते. नंतर पूर्ण किमतीला विकलेल्या क्लाउड आवृत्त्यांवर मुदत लिहिलेली नसते, आणि तेच मला अधिक धोक्याचे वाटते.

आणखी एक. सप्टेंबर २०२५ मध्ये तांबड्या समुद्रातल्या केबल तुटल्या तेव्हा भारतातून पश्चिमेकडे जाणारी वाहतूक लांबच्या वाटेने वळवावी लागली. ज्या सेवेची यंत्रे युरोपात आहेत तिच्या भारतीय ग्राहकाने अशा वेळी दाद कोणाकडे मागायची, याचे उत्तर मला कोणत्याही करारनाम्यात सापडलेले नाही.

मोगरा_सातारा

मी स्वतः गेम खेळत नाही, पण धागा पूर्ण वाचला. माझा मुलगा अकरावीत आहे. तो एका सेवेचे वर्षाचे सबस्क्रिप्शन मागत आहे, कारण वर्षाचे एकदम घेतले तर स्वस्त पडते. आमच्याकडे केबलवाल्याचे ५० एमबीपीएसचे इंटरनेट आहे आणि संध्याकाळी कधीकधी लाइट जाते. नेमके काय पाहून ठरवावे, हे कोणी साध्या भाषेत सांगाल का?

चैत्रबन

मोगराताई, वर्षाचे पैसे एकदम भरू नका. एक महिन्याचे घ्या, आणि तो महिना परीक्षेच्या धामधुमीतला नसावा.

त्या महिन्यात मुलाला त्याच्या नेहमीच्याच वेळी, म्हणजे घरातले इतर लोकही नेट वापरत असताना, त्याच्या आवडीचाच गेम खेळू द्या. दुपारी घेतलेल्या चाचणीवरून रात्रीचा अंदाज येत नाही. शक्य असेल तर राउटरपासून लॅनची केबल टाका. ती जमत नसेल तर निदान ५ गिगाहर्ट्झचे वायफाय वापरा आणि मधल्या भिंती टाळा. टीव्हीवर खेळणार असेल तर टीव्हीचा गेम मोड चालू करा, कारण तो बंद असल्यास टीव्ही स्वतःच बराच उशीर लावतो. ५० एमबीपीएस हा वेग पुरेसा आहे. त्यासाठी महागडी योजना घेण्याची गरज नाही. केबलवाल्याला एवढे अवश्य विचारा की, महिन्याला किती जीबीनंतर वेग कमी होतो.

लाइट गेल्यावर राउटर चालू राहावा यासाठी छोटा यूपीएस मिळतो, पण केबलवाल्याच्या गल्लीतल्या पेटीला बॅकअप नसेल तर त्याचा उपयोग होत नाही. मागच्या वेळी लाइट गेली तेव्हा शेजारी ज्यांच्याकडे इन्व्हर्टर आहे त्यांचे नेट चालू होते का, एवढे विचारले तरी उत्तर मिळेल.

गेम विकत घ्यायचा झाल्यास तो सेवेच्या आतल्या दुकानातून न घेता अशा दुकानातून घ्यावा, जिथून पुढे पीसी आल्यावर तो उतरवून घेता येईल. तो कोणता गेम खेळतो ते येथे लिहा, म्हणजे लॅगच्या दृष्टीने तो गेम या सेवेवर कितपत जमेल, हे काजवा किंवा मी सांगू शकू.

मोगरा_सातारा

मनापासून आभार. तो फुटबॉलचा गेम खेळतो, आणि मित्रांबरोबर ऑनलाइन सामने.

काजवा

ताई, मग त्याच्या बाबतीत अडचण दुहेरी आहे. ऑनलाइन सामन्यात त्याचा संदेश आधी क्लाउडवरच्या यंत्रापर्यंत जाईल आणि तिथून सामन्याच्या सर्व्हरपर्यंत, म्हणजे ज्या मित्रांकडे कन्सोल आहे त्यांच्यापेक्षा तो कायम थोडा मागे राहील. एकट्याने खेळताना त्याला हे फारसे जाणवणार नाही, मित्रांशी खेळताना जाणवेल. महिनाभराची चाचणी घ्याल तेव्हा त्याला मित्रांबरोबरचेच सामने खेळायला सांगा. तेवढ्यासाठीच खेळायचे असेल तर वर्षाच्या सबस्क्रिप्शनचे पैसे बाजूला ठेवून जुना, चांगल्या स्थितीतला कन्सोल शोधणे मला जास्त व्यवहार्य वाटते. साताऱ्यात नाही मिळाला तर पुण्यात मी पाहून देऊ शकेन.